मामंजींच्या भाषणातलं गाळलेलं वाक्य

सामाजिक न्याय, युद्ध आणि लोकसेवा या तीन विषयांवरची माझ्या सासऱ्यांची मतं पुस्तकरूपाने छापलेली आहेत. पुस्तक पातळसं आहे, आणि महाडात आता ते फारसं कोणाकडे नसावं. त्यातला शब्द न् शब्द मी माझ्या हाताने लिहून घेतला. बोलणारे मामंजी, लिहिणारी मी. त्यामुळे त्यात काय आहे ते मला पाठ आहे, आणि काय नाही तेही. नाही ते एकच वाक्य आहे. माझ्या नवऱ्याने मरताना कोणाच्या हातचं पाणी घेतलं, ते सांगणारं. एका माणसाला ते भर सभेत ऐकायचं होतं. मलाही ऐकायचं होतं, पण हे माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला.

मामंजी आमच्या भागातलं जुनं खोड. म्युन्शिपालटीत सभासद, लोकल बोर्डात सभासद, शाळा कमिटीत तर त्यांच्याशिवाय पान हलत नसे. सकाळी सातला ओटीवर घोंगडी पडायची आणि माणसं यायला लागायची. कोणाला अर्ज लिहून हवा, कोणाची गुरं कोंडवाड्यात, कोणाच्या वाडीतली विहीर खचलेली. पोलादपूरच्या रस्त्यावरची एक मोरी दर पावसाळ्यात वाहून जायची. तिच्यासाठी त्यांनी कचेरीत इतक्या खेपा घातल्या की तिथला शिपाई त्यांना 'मोरीवाले रावसाहेब' म्हणायला लागला. रावसाहेबकी सरकारने दिली होती, मोरी त्यांनी स्वतः मिळवली होती, आणि मला वाटतं त्यांना मोरीचा अभिमान जास्त होता. "लोकसेवा म्हणजे दुसऱ्याच्या कामासाठी आपले जोडे झिजवणं, बाकी सगळी भाषणं," असं ते म्हणत. मग त्यावर अर्धा तास भाषण करत.

माझ्यावर त्यांचे उपकार होते. मी अठराव्या वर्षी विधवा झाले. त्या काळी आमच्या घरांमधून पुढे काय व्हायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे. न्हावी दारात आला तेव्हा मामंजींनी त्याला ओटीवरूनच परत पाठवलं. "माझ्या घरात हे होणार नाही," एवढंच बोलले. गावाने तोंडं वाकडी केली, दोन घरांनी आमच्याकडचं हळदीकुंकू बंद केलं, पण माझे केस राहिले. पुढे त्यांनी मला मोडीही शिकवली आणि बाळबोधही. त्यांना मोतीबिंदू झाला तेव्हा त्यांचे डोळे म्हणजे मीच होते. मी हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणी त्यांना ढोंगी म्हणेल. ते ढोंगी नव्हते. ढोंगी असते तर माझं काम सोपं झालं असतं.

लिहिण्याची आमची पद्धत ठरलेली होती. सकाळची माणसं पांगली की मामंजी ओटीवर आरामखुर्चीत बसत, आणि मी माजघराच्या दाराच्या आत पाटावर. सुनेने सासऱ्यासमोर बसायचं नाही, म्हणून मधे दार. ते दाराकडे तोंड करून बोलत, मी दाराच्या आड लिहीत असे. पान संपलं की वाचून दाखवायचं. ते 'ठीक' म्हणत किंवा 'खोड' म्हणत. इतकी वर्षं त्यांचं बोलणं मी लिहिलं, पण ते बोलत असताना त्यांचा चेहरा कसा होत असे, मला सांगता येणार नाही.

युद्धाबद्दल मामंजींची मतं दोन होती, एक आधीचं आणि एक नंतरचं. पहिल्या महायुद्धात ते सरकारच्या बाजूने सैन्यभरतीची भाषणं करत हिंडले. बिरवाडीच्या बाजारात, पोलादपुरात, वर घाटाच्या तोंडाशी असलेल्या वाड्यांमधून. गाडी जाईल तिथवर गाडी, पुढे पायी. एका वाडीत एका म्हातारीने सगळं भाषण नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "समदं खरं, पन तुमचा पोर कवा जातोय?" सगळी वाडी त्यांच्याकडे बघायला लागली. मामंजी म्हणाले, "पुढच्या महिन्यात." घरी येऊन हे त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं. आधी म्हातारीला सांगितलं, मग मुलाला. मुलगा 'बरं' म्हणाला.

माझे यजमान लष्करी इस्पितळात कारकून म्हणून बसऱ्याला गेले. दासगावच्या बंदरावरून मुंबईला, तिथून बोटीने. निघताना मी खिडकीतून त्यांची पाठ बघितली. जाणाऱ्याने वळून बघायचं नाही अशी आमच्याकडे पद्धत, आणि ते पद्धत पाळणारे होते. आमचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. त्यातलं निम्मं ते मुंबईत नोकरीला. माझ्याकडे आठवायला फार काही नाही. त्यांना कारल्याची भाजी आवडायची आणि ते शिंकले की सलग चार वेळा शिंकत.

पुढच्या वर्षी तार आली. पटकीने गेले.

देह मिळायचा नव्हता, म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून नदीवर त्याला अग्नी द्यायचं ठरलं. परगावी मेलेल्यांसाठी हा विधी असतो. भटजी घरी आले. समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त काय, ते सांगून झालं. मग त्यांनी विचारलं, "अंतकाळी मुखात उदक कोणी घातलं, काही कळलं का?" मी दाराच्या आत उभी होते. मामंजी म्हणाले, "इस्पितळात एक ब्राह्मण आचारी होता. त्याने."

भटजींनी मान डोलावली. मला मात्र तो आचारी मिळाला. नवऱ्याचं काहीच हाती नव्हतं, तेव्हा मी त्या आचाऱ्याला धरून बसले. त्याला मी चेहरा दिला, पोट दिलं, हाताला फोडणीचा वास दिला. देवापुढे दिवा लावताना त्याचं भलं होऊ दे म्हणायची. दहा वर्षं म्हटलं. रडू मात्र मला आलं नाही. बायका म्हणत, हिचं काळीज दगडाचं आहे. दगड असता तर निदान जड तरी वाटला असता. मला काहीच वाटत नव्हतं. भूक लागायची, झोप यायची, पापड करताना हात दुखायचे, एवढंच.

मुलगा गेल्यावर मामंजी बदलले. खादी आली, भरतीची भाषणं बंद झाली, आणि सामाजिक न्याय हा शब्द त्यांच्या तोंडी बसला. म्युन्शिपालटीने आपल्या ताब्यातल्या सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव केला तेव्हा त्यांनी त्याच्या बाजूने भाषण केलं. चवदार तळं त्यातच आलं. ठराव झाला आणि कागदावर राहिला. तळ्यावर कोणी आलं नाही, म्हणून गावानेही कुरकुर केली नाही. मामंजींची मात्र आसपास वाहवा झाली.

मग सत्तावीस सालच्या मार्चात माणसं खरोखरच तळ्यावर आली आणि पाणी प्याली. पुढे काय झालं ते आता शाळेतली मुलंही सांगतील. देवळात शिरणार अशी आवई उठली, लाठ्या निघाल्या, परत जाणाऱ्या लोकांची डोकी फुटली. नंतर तळं शुद्ध करायला गोमूत्र, शेण आणि दूध-दह्याच्या घागरी त्यात ओतल्या. आम्ही त्याच तळ्याचं पाणी भरायचो. मी मामंजींना म्हटलं, "आज पाणी गाळून घ्यायला लागेल." त्या आठवड्यात त्यांचे गुडघे धरले होते आणि ते घराबाहेर पडले नव्हते. त्यांचे गुडघे खरोखर दुखायचे, पण इतके वेळेवर कधी दुखले नव्हते.

त्याच पावसाळ्यात जुना ठराव मागे घ्यायची भाषा सुरू झाली. सभा लागणार असं कळलं. मामंजींनी नेमकं तेव्हाच पुस्तक सांगायला घेतलं. पहिलंच प्रकरण 'सामाजिक न्याय'. सभेतलं भाषणही त्यातूनच करायचं, असं त्यांच्या मनात होतं.

एके दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर अंगणात कोणी आल्याची चाहूल लागली. मी दाराच्या आत होते. पोलादपूरकडच्या महारवाड्यातला एक माणूस पायऱ्यांच्या खाली उभा होता. युद्धात गेला होता म्हणून सगळे त्याला पलटणवाला म्हणत. तेव्हा आम्ही 'तो पलटणवाला' म्हणायचो. आता मी 'ते' लिहिते. त्यांच्या अंगावर लष्करी कोट होता, भिजून काळा झालेला. सावित्री नदीला पूर होता, सहा कोस तुडवत आले होते. पूर्वी ते जोहार घालत. त्या दिवशी त्यांनी नुसते हात जोडले.

"रावसायब, ठराव मागं घेत्यात म्हनं?"

"तसं चाललंय खरं," मामंजी म्हणाले.

"तुमी बोलनार हाय नं?"

"बोलणार. जे आधी बोललो तेच बोलणार."

"ते समद्यांनी ऐकलंय. आता दुसरं येक बोला." त्यांनी कोटाची ओली बाही पिळली. "बसऱ्यासनं मी तुमाला कागद धाडला हुता. कुनाकडनं लिवून. परत आल्याव मी हितंच हुबा ऱ्हाऊन तोंडानंबी सांगितलं. तुमी म्हनलात, कुनाला सांगू नको. मी नाय सांगितलं. घरात बायकोलाबी नाय. आता तुमी सभेत येवडंच सांगा, का माज्या पोरानं मरताना म्हाराच्या हातचं पानी पिलं. दुसरं कायबी बोलू नका. न्याय नको नि काय नको. येवडंच बोला."

मामंजी खुर्चीत हलले, तेवढा आवाज झाला. मी दाराच्या आत टाक पुसत होते. दोनदा पुसून झाला होता तरी पुसत राहिले. तो आचारी त्या क्षणी नाहीसा झाला. दहा वर्षं ज्याचं भलं चिंतलं तो माणूस नव्हताच. राग यायला हवा होता. नाही आला. मला फक्त एवढं वाटलं की ही बोळक्यातली शाई आता सांडेल, ती आधी बाजूला ठेवावी. मी ती बाजूला ठेवली.

"बघतो," मामंजी म्हणाले. "विचार करतो."

"इचार करा," पलटणवाले म्हणाले आणि निघाले.

मी कधी करत नसे ते केलं. माजघरातून परसात गेले आणि कुंपणाशी उभी राहिले. त्यांची वाट तिकडूनच होती. मला बघून ते लांबच थांबले. त्यांना आधी मी कोण ते कळलं नसावं, मग पांढऱ्या लुगड्यावरून कळलं.

"शेवटी ते काय म्हणाले?" मी विचारलं.

त्यांनी मान खाली घातली. "बाय, मी डोलीवाला हुतो, दुखनाईत उचलून न्हेनारा. पटकीवाले येगळ्या तंबूत. तिथं कुनी येत नव्हतं, आमीच जायाचो. ते पानी मागत हुते. मी म्हनलं, सायेब, मी म्हार हाय, दुसऱ्या कुनाला बोलावतो. तर म्हनले, मला ठावं हाय. दोन म्हैने बघतोय तुला. भांडं भरून आन, अर्धं आनू नको."

"मग?"

"भरून आनलं. समदं पिले. अजून येक म्हनले. ते आनायला ग्येलो, परत आलो तवा ग्येले हुते."

मी विचारलं, "आणखी काही?"

"शिंकले लई येळा," ते म्हणाले आणि असं सांगितल्याबद्दल ओशाळले. मी आत आले. चुलीवर दूध ठेवलं होतं, ते उतू गेलं होतं. चूल पुसून घेतली.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मामंजींनी हाक मारली. "सूनबाई, लिही." मी दाराआड बसले. ते नेहमीपेक्षा हळू बोलत होते. भाषणाचा तिसरा परिच्छेद आला आणि त्यांनी ते वाक्य सांगितलं. पलटणवाल्यांनी दिलं होतं तसंच, एकही शब्द वाढवला नाही. माझ्या मुलाने मरताना महाराच्या हातचं पाणी घेतलं. मी लिहिलं. वाचून दाखव म्हणाले. वाचून दाखवलं. ते 'ठीक' म्हणाले नाहीत, 'खोड'ही म्हणाले नाहीत. मला नीट आठवतं, त्यांनी विचारलं, "तुला आज कळलं ना?" मी हो म्हटलं. त्यानंतर ओटीवरून नाक ओढल्याचा आवाज आला. मामंजी रडत होते. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. त्या दहा वर्षांत मला जे काही वाटलं असेल त्यातलं हे एक.

चार दिवस ते भाषण पाठ करत होते. डोळे अधू, त्यामुळे कागद बघून बोलता यायचं नाही. मी वाचायचं, त्यांनी मागून म्हणायचं. ते वाक्य ते न अडखळता म्हणत. पाचव्या दिवशी सभा होती. आदल्या दिवशी सकाळी माणसं पांगल्यावर त्यांनी पुन्हा हाक मारली. मला वाटलं पाठांतर. मी कागद घेऊन बसले.

"सूनबाई, दर वर्षी त्याचं श्राद्ध केलं," ते म्हणाले. "पान मांडलं, ब्राह्मण जेवले, पिंड दिले. उद्या हे बोललो तर ते सगळं खोट्यावर केलं असं ठरेल. भटजी म्हणतील, पोचलंच नाही. पुन्हा प्रायश्चित्त, पुन्हा पहिल्यापासून. गाव आपल्या पंक्तीला बसणार नाही, ते सोड, त्याची मला फिकीर नाही. मी असलं काही मानत नाही. सभेत तर मुळीच मानत नाही. पण पहाटे जाग येते तेव्हा मनात येतं, पोचलं नसेल तर तो कुठे असेल?"

त्यांचं हे असलं बोलणं मी कधीच ऐकलं नव्हतं. न्यायाबद्दल शंभर पानं लिहिली होती, भीतीबद्दल एक ओळ नाही.

"तुझा नवरा होता," ते म्हणाले. "माझ्याइतकाच तुझा अधिकार. तू सांग. बोलू की नको? तू म्हणशील तसं करतो."

आमच्या घरात सासऱ्याने काही विचारलं की सुनेने एकच उत्तर द्यायचं. मला ते लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी शिकवलं होतं. भाजी कुठली करू, माहेरी कधी जाऊ, अंगाला हे लुगडं बरं दिसेल का, सगळ्याला तेच. सासूबाई जाऊन सात वर्षं झाली होती, पण शिकवण पक्की होती. कोणी हाक मारली की 'ओ' निघतं ना, तसं ते माझ्या तोंडातून निघालं.

"तुम्ही म्हणाल तसं."

मला बोला असं म्हणायचं होतं. आज मी हे ठामपणे सांगते, त्या वेळी ठामपणे माहीत होतं की नाही कोण जाणे. जे वाटतंय ते तोंडापर्यंत आणायची सवय सुटली होती. पण कुंपणाशी उभं राहून मी ऐकलं होतं की माझा नवरा 'अर्धं आनू नको' म्हणाला. त्याचं एवढं एकच बोलणं माझ्यापाशी होतं. ते सगळ्या गावाने ऐकावं असं मला वाटत होतं. मामंजी थांबले होते, मी आणखी काही बोलेन म्हणून. मी नाही बोलले. मग त्यांनी सुस्कारा सोडला. तो सुटकेचा होता, दाराच्या आतूनही ते कळत होतं.

"बरं," ते म्हणाले.

अजून वेळ गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आंघोळ केली, पगडी घातली, छत्री मागितली. छत्री मी दिली. तेव्हा बोलता आलं असतं. कागदही दिले, घडी करून. ते वाक्य त्यात होतंच. मला वाटत राहिलं की कागदात आहे म्हणजे बोललं जाईल. लिहिणाऱ्या माणसाला असले भ्रम होतात.

मामंजी दुपारी परत आले आणि जेवले. खूप बोलले, म्हणाले, सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ठराव मागे घेतला गेला. हात वर करायला सांगितलं तेव्हा त्यांनी कुठल्याच बाजूने हात वर केला नाही. हे त्यांनी स्वतःच सांगितलं, वरणाची वाटी पुढे करत. मी वरण वाढलं. पलटणवाले त्या दिवशी सभेच्या खिडकीखाली पावसात उभे होते, हे मला पुढे कळलं. त्यांनी सगळं भाषण ऐकलं. पाणी ही देवाची देणगी आहे, न्याय हा माणसाचा धर्म आहे, हे सगळं ऐकलं. ते वाक्य येईल म्हणून शेवटपर्यंत उभे राहिले. नंतर ते आमच्याकडे आले नाहीत.

पुस्तक पुढे पाच-सहा वर्षं चाललं होतं. मामंजी सांगत आणि खोडत. युद्धाच्या प्रकरणात त्यांनी एक दिवस सांगितलं, "ज्याने दुसऱ्याचा मुलगा लढाईसाठी मागून नेला, त्याने पुन्हा सभेत तोंड उघडू नये." मी लिहिलं आणि मनात म्हटलं, आता आलं काहीतरी. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "कालचं ते खोड. मग मला बोलताच यायचं नाही." मी हसले. दाराआड हसायला हरकत नव्हती. मी ते खोडलं. तरी युद्धावरचं प्रकरण चांगलं उतरलं आहे. युद्ध राजे लढतात आणि माणसं मात्र पोलादपूरच्या डोंगरातून जातात, असं त्यात आहे. ज्या वाड्यांमध्ये त्यांनी भाषणं केली तिथून किती गेले आणि किती परत आले, हे त्यांनी वाडीवार आठवून सांगितलं. सांगताना एकाही घराची चूक झाली नाही. त्यासाठी मी त्यांना आजही मान देते.

माझ्या नवऱ्याबद्दल त्या प्रकरणात दोन ओळी आहेत. 'परमुलुखात एका सज्जनाने त्याच्या मुखी पाणी घातले' अशी दुसरी. लिहून झाल्यावर मी वाचून दाखवलं. मामंजी 'ठीक' म्हणाले. सज्जन कोण, हे मी विचारलं नाही. पुस्तक छापून आलं तेव्हा पोलादपूरच्या शाळेत त्यांचा सत्कार झाला. हार घालायला एवढी माणसं होती की त्यांची मान दुखायला लागली. लोकांचं प्रेम खरं होतं. त्यांनी केलेली कामंही खरी होती.

मामंजी गेले तेव्हा, तळं आपलंच म्हणून गावातल्या काहींनी लावलेला दावा कोर्टात चालूच होता. त्यांच्या मागे रडायला सगळा मुलूख आला. मी कोणाला बसायला पाट दे, कोणाला पाणी दे, असं तेरा दिवस करत होते. चौदाव्या दिवशी ओटी पहिल्यांदा रिकामी झाली. मी घोंगडी झटकत होते, आणि अंगणात पलटणवाले आले. खूप थकले होते. कोट तोच होता. मी दाराआड गेले नाही. जायचं कोणासाठी? ओटीच्या कडेला उभी राहिले आणि त्यांना वर या म्हटलं. ते पायरीवर बसले, त्याहून वर आले नाहीत.

"लई मानूस लोटलं म्हनं," ते म्हणाले.

"हो. पोलादपूरहून पुष्कळ आले होते."

"मानूस चांगला हुता. आमच्या वाडीची शाळा त्यांनीच आनली. मी कंदी वाईट बोललो नाय त्यांना." मग ते हातातली काठी बघत बसले. "बाय, येक इचारू?"

"विचारा."

"त्या सभेच्या आदी त्यांनी तुमाला इचारलं हुतं का? बोलू का नको म्हनून? धनी तुमचा हुता. मी आजवर असंच म्हनत आलोय मनात, का रावसायब बोलनार हुते, पन बायनं अडवलं. बायला लाज वाटली, म्हाराचं नाव धन्याच्या मरनाला लागतंय म्हनून. लई राग धरला मी तुमच्याव. येवडी वर्सं."

ओटीवर उन्हाची तिरीप आली होती. घोंगडी माझ्या हातात तशीच होती. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते ऐकायचा हक्क जगात फक्त या एका माणसाला होता. अडवणारं आता घरात कोणी नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "मला कोणी विचारलं नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग काठी बाजूला ठेवली, दोन्ही हात जोडले आणि पायरीला डोकं टेकेल इतके वाकले.

"मंग माजी चूक झाली, बाय. उगा तुमाला बोल लावला. माफी करा."

मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. मी "असू दे" म्हणाले.